थांबलेलं हृदय, बिचकणारे हात

इंग्रजांनी १८६० साली हिंदुस्थानासाठी जो दंडविधान कायदा केला, त्यात ९२ क्रमांकाचं एक कलम होतं. कायद्याची पुस्तकं बहुधा रुक्ष असतात. पण या कलमाखाली दिलेली उदाहरणं मुलांना सांगाव्यात अशा गोष्टींसारखी आहेत. एका माणसाला वाघ ओढून नेतो आहे. दुसरा माणूस वाघावर नेम धरतो. गोळी वाघाऐवजी माणसाला लागू शकते, हे त्याला ठाऊक आहे. पण वाचवायचा दुसरा मार्ग नाही. गोळी सुटते, माणसाला लागते आणि तो मरतो. गोळी झाडणारा गुन्हेगार ठरला का? कायदा म्हणतो, नाही. दुसरं उदाहरण आगीचं. घर पेटलं आहे, वर एक जण लहान मुलासह अडकला आहे, खाली लोकांनी घोंगडी ताणून धरली आहे. तो मुलाला वरून सोडतो. मूल दगावलं, तरी सोडणारा गुन्हेगार नाही. कारण त्यानं जे केलं ते मुलाच्या भल्यासाठी, शुद्ध हेतूनं केलं.

१ जुलै २०२४ पासून जुना दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. त्यातही हे कलम तसंच आहे, वाघासकट. फक्त त्याचा क्रमांक आता ३० झाला आहे. म्हणजे संकटातल्या माणसाला वाचवताना चूक झाली, तर ती माफ करण्याची तरतूद आपल्या कायद्यात दीडशेहून जास्त वर्षं आहे. आणि तरीही रस्त्यात, फलाटावर, बाजारात माणूस कोसळला की भोवती गर्दी जमते, पण हात कुणी लावत नाही. असं का होतं, कायद्यानं त्यावर आजवर काय केलं आणि काय करायचं ठेवलं, याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी जो कोसळतो त्याच्याबद्दल. आपण सरसकट ‘हार्ट अटॅक आला’ म्हणतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली की तो हार्ट अटॅक. त्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतं म्हणून सांगू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे हृदय अचानक बंद पडणं, कार्डिअ‍ॅक अरेस्ट. त्यात माणूस बोलता बोलता कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनच आचके देतो. अशा वेळी पुष्कळदा हृदय पूर्ण निपचित झालेलं नसतं. ते नुसतं थरथरत असतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. ही थरथर विजेच्या एका झटक्यानं थांबवली, तर हृदय पुन्हा आपल्या तालावर येऊ शकतं. हे काम करणारं यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. आणि यंत्र येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोरात, भराभर दाब देऊन मेंदूला थोडंफार रक्त पोचवत राहणं म्हणजे सीपीआर. यातलं काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते, असं वैद्यकशास्त्र सांगतं. दहा मिनिटांचा हिशेब ज्यानं त्यानं मनातल्या मनात करावा.

मेल्यासारख्या पडलेल्या माणसाला परत आणता येतं, हे युरोपात पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते पाण्याकाठी. १७६७ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. त्या शहरात कालवेच कालवे आणि बुडणारेही पुष्कळ. वाचवणाऱ्याला ही संस्था सहा सोन्याची नाणी किंवा पदक देई. १७७४ साली लंडनमध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी तशीच संस्था काढली. तीच पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. या संस्थेनं केलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या फार जवळची आहे. तिनं थेम्सच्या काठी ठिकठिकाणी जागा ठरवल्या, तिथं श्वास भरण्याचे भाते आणि इतर साहित्य ठेवलं. माणूस बुडाला की डॉक्टर शोधत बसायचं नाही, जवळच्या ठिकाणी न्यायचं. जीव वाचवण्याचं साधन दवाखान्याच्या कुलुपात नव्हे, तर माणूस जिथं पडतो तिथं हवं, ही कल्पना म्हणजे आजकालचं खूळ नाही. ती अडीचशे वर्षांची आहे.

हाताचा दाब मात्र उशिरा सापडला, तोही जवळजवळ अपघातानं. १९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन हे विजेचे अभियंते आणि त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग करत होते. यंत्राच्या जड चकत्या छातीवर दाबल्या की वीज सोडण्याआधीच कुत्र्याचा रक्तदाब थोडा वर येतो, हे निकरबॉकर यांच्या ध्यानात आलं. नुसत्या दाबानं रक्त फिरतं, हे त्यातून कळलं. जेम्स ज्यूड या शस्त्रवैद्यासह त्यांनी १९६० साली त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. त्याआधी बंद हृदय चालू करायचं तर छाती फाडून ते मुठीत धरावं लागे. आता दोन हात पुरेसे झाले, आणि ते डॉक्टरचेच असले पाहिजेत असंही उरलं नाही.

यंत्राचाही प्रवास असाच दवाखान्यातून रस्त्याकडे झाला. १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचं हृदय शस्त्रक्रियेच्या टेबलावर विजेच्या झटक्यानं परत चालू केलं. छाती न उघडता बाहेरून झटका देणं १९५६ साली पॉल झोल यांना साधलं. १९६० च्या दशकाच्या मध्यास उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी हे यंत्र रुग्णवाहिकेत बसवलं. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं ते धूड सत्तर किलोंचं होतं. रुग्णाला यंत्रापाशी न्यायचं, ही रीत उलटी करून पँट्रिज यांनी यंत्रच रुग्णापाशी नेलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशी यंत्रं निघाली, जी स्वतःच हृदयाची लय ओळखतात, झटक्याची गरज असेल तरच झटका देतात आणि पुढे काय करायचं ते बोलून सांगतात. यांनाच एईडी म्हणतात. आज ते शाळेच्या दप्तराएवढं असतं. झटक्याची गरज नसलेल्या माणसाला ते झटका देतच नाही. म्हणजे अनाडी हातानं ते वापरलं, तरी भीती बाळगण्याचं कारण नाही.

अनाडी हात किती उपयोगी पडतात, याचा पुरावा मिळाला तो अशा ठिकाणी की ऐकून हसू यावं. अमेरिकेतल्या जुगारघरांत रखवालदारांना ही यंत्रं चालवायला शिकवलं होतं. तिथं कोसळलेल्या लोकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं हृदय थरथरत होतं अशा १०५ जणांपैकी निम्म्याहून अधिक जण वाचून घरी गेले. तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी तर शंभरात चौऱ्याहत्तर. त्या जुगारघरांत डॉक्टर नव्हते. फरक पडला तो यंत्र हाताशी होतं म्हणून, ते कुठं आहे हे ठाऊक होतं म्हणून आणि ते उचलायला कुणी घाबरलं नाही म्हणून.

या तिन्ही गोष्टी आपोआप होत नाहीत. म्हणून देशोदेशी कायदे झाले. अमेरिकेत २००० साली केंद्रीय कायदा झाला. सरकारी इमारतींत यंत्र ठेवण्याचं धोरण ठरलं आणि ते सद्भावनेनं वापरणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळालं. जपानमध्ये २००२ साली राजघराण्यातले राजपुत्र ताकामादो स्क्वॉश खेळताना कोसळून वारले. २००४ साली तिथं सामान्य माणसाला यंत्र वापरायची मुभा मिळाली. फ्रान्सनं २००७ मध्ये तीच मुभा हुकूमनाम्यानं दिली. डेन्मार्कनं वेगळी वाट धरली. तिथं २००५ साली शाळेत सीपीआर शिकवणं सक्तीचं झालं आणि पुढच्याच वर्षी गाडीच्या परवान्यासाठीही. त्या देशात २००१ साली अशा प्रसंगी जवळच्या माणसानं छाती दाबल्याचं प्रमाण शंभरात एकवीस होतं. २०१० साली ते पंचेचाळीसच्या घरात गेलं. महिनाभर जगणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर गेलं. हे काही एकट्या कायद्याचं श्रेय नाही, रुग्णवाहिका आणि दवाखानेही या काळात सुधारले. पण जे शाळेत शिकले तेच रस्त्यावर भेटले, हे नाकारता येणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडची गोष्ट हृदयापासून नाही, रस्त्यापासून सुरू होते.

१९८० च्या दशकात दिल्लीत एका स्कूटरस्वाराला मोटारीची धडक बसली. त्याला जवळच्या इस्पितळात नेलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की पोलिस केसेस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या. वाटेतच तो मेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयानं निकाल दिला: जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कायद्याचे सोपस्कार नंतर. जगण्याचा हक्क सांगणारं घटनेचं एकविसावं कलम इस्पितळाच्या दारापर्यंत येऊन पोचलं.

दुसरी गोष्ट रेल्वेची. जुलै १९९२ मध्ये बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनात हकीम शेख नावाचा शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार लागला होता. त्याला कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी इस्पितळांत नेलं; कुठं खाट नाही, कुठं यंत्र नाही. शेवटी खासगी इस्पितळात पदरचे पैसे मोडून त्याचा जीव वाचला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे सरकारनं जगण्याचा हक्कच नाकारणं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. हकीम शेखला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. आमच्या कर्जत-नेरळकडची हजारो माणसं रोज लोकलला लोंबकळून कामाला जातात. ती हकीम शेखचं नाव जाणत नाहीत. पण त्यांच्यासाठीही तो भांडला आहे.

या दोन निकालांनी डॉक्टर आणि सरकार बांधले गेले. रस्त्यावरचा माणूस मात्र होता तिथंच राहिला. जखमीला उचलून नेलं तर पोलिस म्हणणार, तूच ठोकर मारलीस. नाव-पत्ता लिहून घेणार, पंच करणार, साक्षीला बोलावणार. रोजंदारी बुडवून कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालायचे. ‘नसतं झेंगट कशाला’ हे वाक्य आपल्याकडे जितकं ऐकू येतं, तितकी कुठलीही म्हण ऐकू येत नसेल. दंडविधानाचं ९२ वं कलम होतं, पण ते कोर्टात गेल्यावर कामाला येणारं. माणसाला भीती असते ती कोर्टात जाण्याचीच. निर्दोष सुटण्याची हमी वेगळी आणि भीतीच काढून टाकणं वेगळं. १८६० च्या कायद्यानं पहिली गोष्ट केली होती. दुसरी व्हायला आणखी दीडशेहून जास्त वर्षं गेली.

२००७ साली पीयूष तिवारी यांचा शाळकरी चुलतभाऊ रस्त्यावर अपघातात पडून राहिला आणि मदत न मिळाल्यानं गेला. तिवारी यांनी २००८ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली आणि २०१२ मध्ये संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१५ च्या मेमध्ये केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं त्या साऱ्या देशात बंधनकारक केल्या. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातलं गेलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. बायबलमधल्या दृष्टान्तात वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणारा चांगला शोमरोनी आहे. त्याच्यावरून या कलमाला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर, मदत करताना हातून काही कमी-जास्त झालं, तरी दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. त्याला नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. इस्पितळानं त्याला अडवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. पुढे २०२१ मध्ये जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला पाच हजारांचं बक्षीस जाहीर झालं. २०२५ मध्ये ते पंचवीस हजार झालं. अ‍ॅमस्टरडॅमच्या सहा नाण्यांचीच ही नवी आवृत्ती.

या कायद्याचा उपयोग बघायला दिल्लीला जायची गरज नाही. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. २००२ साली तो पूर्ण खुला झाला आणि अपघातांसाठी लवकरच बदनाम झाला. २०१६ पासून सेव्हलाइफ, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी मिळून तिथं मृत्यू कमी करण्याचं काम हाती घेतलं. रस्त्याच्या कडेचे धोके काढले, वेगावर नजर ठेवली, रुग्णवाहिका लवकर पोचेल असं पाहिलं, आणि पुढच्या वर्षांत मृत्यूंचा आकडा खूप खाली आला. खोपोलीतली तरुण मंडळी रात्री-अपरात्री बोरघाटात अपघाताच्या ठिकाणी धावून जातात. पोलिसच आता त्यांना फोन करून बोलावतात. ज्या माणसाला एका पिढीपूर्वी पोलिस संशयानं बघायचे, तोच आज त्यांचा मदतनीस आहे. कायदा बदलला की पोलिसाची नजर बदलते, आणि ती बदलली की लोकांचा हात पुढे येतो, असा हा क्रम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १३४-अ हे कलम मोटार वाहन कायद्यात आहे. ते मोटार अपघातात सापडलेल्या माणसाला मदत करणाऱ्यापुरतं आहे. नेरळच्या फलाटावर हृदय बंद पडून कोसळलेला चाकरमानी, शेतात विजेचा झटका बसलेला शेतकरी, भिवपुरीच्या धबधब्यात बुडालेला कॉलेजचा मुलगा, लग्नाच्या वरातीत पडलेला वधूपिता, यांच्यातल्या कुणाच्याही अंगावर मोटार गेलेली नाही. मग त्यांची छाती दाबणाऱ्यासाठी कायद्यात काय आहे? फिरून तोच वाघ. म्हणजे नाव न सांगण्याची मुभा, साक्षीची सक्ती नसणं हे सारं रस्त्यावर मिळतं आणि फलाटावर मिळत नाही. विधी आयोगानं २००६ सालच्या आपल्या २०१ व्या अहवालात अपघाताबरोबरच इतर तातडीच्या आजारांचा आणि बाळंतिणीचाही विचार केला होता. तेवढी व्यापक नजर पुढच्या कायद्यात उतरली नाही.

यंत्राचं तर त्याहून नवल. २०१९ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून डिफिब्रिलेटर औषध कायद्याच्या कक्षेत आणला. म्हणजे तो कसा असावा, कुणी बनवावा, कुणी विकावा हे कायद्यानं ठरतं. तो कुठं असावा, हे मात्र कुठलाही केंद्रीय कायदा सांगत नाही. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या, हृदयरोग्यासाठीच्या यंत्रांसह सज्ज. या सेवेनं असंख्य जीव वाचवले आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण एवढं मोठं राज्य आणि दहा मिनिटांचा तो हिशेब शेजारी-शेजारी मांडला, की रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं कुणाच्या हाती असतात ते कळतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. शेजारच्या कर्नाटकात अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये अकाली गेले; त्यांच्या नावानं तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये जी हृदय योजना जाहीर केली, तिच्यात सार्वजनिक ठिकाणी एईडी बसवण्याचाही विचार होता. योजना चांगलीच, पण योजना सरकारबरोबर येते-जाते. कायदा राहतो.

कुणी म्हणेल, कायद्यानं असली साधनं ठेवायला लावणं आपल्याकडे जमणारं नाही. ते आपण पूर्वीच केलेलं आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस सांगितला होता. पाचशेच्या वर कामगार असतील तर वेगळा रुग्णकक्षही. खोपोलीच्या कारखान्यांत ज्यांनी उमर घालवली, त्यांना त्या लाल क्रॉसच्या पेट्या आठवत असतील. एसटीच्या कंडक्टरला परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे साधन ठेवायला लावणं आणि माणसाला शिकवायला लावणं, दोन्ही आपल्या कायद्याला नवीन नाही. फक्त त्या वेळी जखम आणि भाजणं एवढंच डोळ्यापुढे होतं. हृदय त्या पेटीत मावलं नव्हतं.

पण त्या पेटीनं एक धडाही दिला आहे. एसटीत ड्रायव्हरच्या मागे ‘प्रथमोपचार पेटी’ असं लिहिलेला डबा असतो. तो उघडून पाहणाऱ्याला काय काय सापडतं, हे प्रवाशांना सांगायला नको. पेटी ठेवा, असं कायद्यानं सांगितलं. पेटीत काय आहे ते दर महिन्याला कोण बघणार, ते सांगितलं पण ते कुणी केलं नाही. एईडीचं तसंच होऊ शकतं. त्याच्या चिकटपट्ट्या काही वर्षांत कालबाह्य होतात, बॅटरी उतरते. लाखाच्या आसपास किमतीचं यंत्र काचेच्या पेटीत शोभेला राहील आणि वेळेला मुकं निघेल. म्हणून कायदा करायचा तर तो नुसता ‘ठेवा’ म्हणणारा नको. कोण तपासणार, किती दिवसांनी, आणि न तपासल्यास दंड कुणाला, हे त्यात हवं. यंत्राची जागा १०८ च्या नियंत्रण कक्षाला ठाऊक हवी, म्हणजे फोन करणाऱ्याला तिथूनच सांगता येईल की पेट्रोल पंपाच्या भिंतीवर बघ. आणि पाटी मराठीत हवी.

शहराचा कायदा जसाच्या तसा गावावर टाकूनही चालणार नाही. आमचं कळंब हे काही मॉल आणि विमानतळांचं ठिकाण नाही. नेरळहून रिक्षानं यायचं, बाजाराला आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्या उतरतात, पावसाळ्यात रस्ता केव्हा रुसेल सांगता येत नाही. अवघड रुग्ण कर्जतला आणि तिथून पुढे पनवेल-कल्याणकडे पाठवतात. डोंगरावरच्या वाडीत माणूस कोसळला, तर नाक्यावरचं यंत्र तिथं वेळेत पोचणार नाही. हे मान्य करायला हवं. अशा ठिकाणी पहिला मान हातांचा. हात प्रत्येक वाडीत आहेत आणि त्यांची बॅटरी उतरत नाही. यंत्र ठेवायचं ते जिथं माणसं जमतात तिथं: रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, बाजारपेठ, मोठी मंगल कार्यालयं, गर्दीच्या यात्रा. आणि आरोग्य केंद्रात ठेवायचं तर आतल्या कपाटात नको, बाहेरच्या भिंतीवर हवं, कारण हृदय ओपीडीची वेळ बघून बंद पडत नाही.

शिकवण्याचं म्हणाल, तर ते फार अवघड नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकारानं २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी एक सोपी पद्धत ठरवली गेली. तिच्यात तोंडानं श्वास देणं नाही, फक्त छाती दाबायची. माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही असं दिसलं की १०८ ला फोन, आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगानं, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब. बुडालेल्याच्या बाबतीत श्वासही महत्त्वाचा असतो, ते पुढच्या पायरीला शिकवता येतं. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं देशभर सीपीआर जागृतीचा आठवडाही पाळला. पण आठवडा संपतो. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून दोन तास, वाहन परवान्याला येणाऱ्या प्रत्येकाला एक तास, आणि पोलिस, होमगार्ड, रिक्षावाले, आशाताई, रेल्वेचे हमाल यांना आधी, असं कायद्यात लिहिलं, तर एका पिढीत प्रत्येक घरात एक तरी शिकलेला हात तयार होईल. हे महत्त्वाचं अशासाठी, की हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग बाजारात नाही, घरातच घडतात. आपण ज्याची छाती दाबू, तो बहुधा आपलाच कुणी असेल.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. कोसळलेली व्यक्ती बाई असेल, तर हात आणखी बिचकतात. हे फक्त आपल्याकडचं नाही. परदेशातल्या अभ्यासांतही सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना अशी मदत कमी मिळाल्याचं दिसलं आहे. परक्या बाईच्या छातीला हात लावला तर लोक काय म्हणतील, अंगावर काय येईल, ही भीती खरी आहे. तिला उत्तर दोन ठिकाणांहून मिळू शकतं. कायद्यानं स्पष्ट शब्दांत सांगावं की ही मदत आहे. आणि शिकवणाऱ्यानं मुलींना आवर्जून शिकवावं, म्हणजे बाई पडली तर धावायला बायाही पुढे असतील. आमच्या गावच्या बचतगटाच्या बायका कर्जाचे हप्ते तोंडपाठ सांगतात. मिनिटाला शंभराची लय त्यांना चुटकीसरशी येईल.

मग मागायचं ते एवढंच. मोटार अपघातात मदत करणाऱ्याला जे संरक्षण मिळतं, ते कुठल्याही तातडीच्या प्रसंगी मदत करणाऱ्याला मिळावं. गर्दीच्या ठिकाणी यंत्र असावं आणि त्याची देखभाल कुणाच्या तरी नावावर असावी. आणि छाती दाबायला प्रत्येकाला शिकवावं. आरोग्य हा विषय घटनेनं राज्यांकडे दिला आहे, त्यामुळे यातलं बरंचसं महाराष्ट्राला दिल्लीची वाट न बघता करता येईल. रोजगार हमीचा कायदा आपण देशाच्या आधी केला, माहितीच्या अधिकाराचा आपला कायदाही केंद्राच्या आधी आला. मग बंद पडलेल्या हृदयासाठी पहिलं पाऊल इथूनच का पडू नये?

१८६० साली कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाघ होता, कारण तेव्हा माणसाला वाघ नेत असे. आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याला त्या काळी ते काही नवलही नव्हतं. आज माणसाला असं भर गर्दीत उचलून नेणारं दुसरंच काही आहे, आणि त्याच्यावर बंदूक चालत नाही. नव्या कायद्याच्या पुस्तकात आता एक नवं उदाहरण घालायला जागा आहे: फलाटावर एक माणूस कोसळला आहे, त्याचा श्वास थांबला आहे. गर्दीतली एक मुलगी पुढे होते, गुडघे टेकते आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवते. तिला कुणी काही विचारणार नाही.